कासवीण अस्वस्थ होते तेव्हा

विसावे तीर्थंकर भगवान मुनिसुव्रतनाथ यांचे लांछन कासव आहे, हे पाठशाळेतील लहान मुलेही सांगतात. नाशिकहून निघालेली गोदावरी पुढे ज्या पैठणला जाते, तेथील अतिशय क्षेत्रात मुनिसुव्रतनाथांचीच आराधना होते. ज्ञाताधर्मकथेच्या चौथ्या अध्ययनात दोन कासवांचा दृष्टांत आहे. कोल्ह्यांची चाहूल लागताच दोघेही अंग आवरून घेतात. परंतु एकाचा धीर सुटतो, तो पाय बाहेर काढतो आणि भक्ष्य होतो. दुसरा स्थिर राहतो आणि वाचतो. इंद्रियसंयमाचा हा पाठ आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे.

अलीकडे मात्र कासव केवळ प्रतीक म्हणून राहिलेले नाही. कोठे मुलांच्या हट्टाखातर, कोठे पेढीवर बरकत येते या समजुतीने, जिवंत कासव काचेच्या पेटीतून घरात आणि दुकानात आले आहे. बाजारात सर्रास मिळणारे, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले हिरवट कासव म्हणजे ‘रेड-इअर्ड स्लायडर’. त्याचे मूळ घर अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे. विकत आणताना ते रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडेच मोठे असते. पण ते वीस-तीस वर्षे जगू शकते आणि मादीची पाठ वीतभर किंवा त्याहूनही अधिक वाढते. हा हिशेब खरेदीच्या वेळी कोणी मांडत नाही.

मग काही वर्षांनी एके दिवशी हेच शांत कासव खाणे सोडते. दिवसभर पेटीच्या काचेला धडका देते, वर चढण्याची खटपट करते, मागच्या पायांनी तळ उकरते. घरातील मंडळी तीन अनुमाने काढतात : ते आजारी आहे, ते कंटाळले आहे, किंवा त्याला आता मुक्ती हवी आहे. तिसऱ्या अनुमानाचा शेवट बहुधा गोदेच्या घाटावर होतो. चौथी शक्यता, म्हणजे ही मादी आहे आणि तिच्या पोटात अंडी आहेत, ही मात्र क्वचितच कोणाच्या मनात येते. कारण घरात नर नसतो, आणि नर नाही म्हणजे अंडी नाहीत, अशी सर्वांची समजूत असते.

ती समजूत चुकीची आहे. तत्त्वार्थसूत्रात गर्भजन्म असलेल्या जीवांत जरायुज आणि पोत यांच्याबरोबर अंडजांची गणना केली आहे. कासव हा असाच अंडज, पंचेंद्रिय तिर्यंच. मादी वयात आली की तिच्या देहात अंडी तयार होऊ लागतात. त्यासाठी नराची आवश्यकता नसते. नराशी संबंध न आलेल्या मादीची अंडी निर्बीज राहतात, एवढाच फरक. कवच असलेले अंडे वाहून नेण्याचा आणि बाहेर टाकण्याचा भार मात्र तिला तेवढाच असतो. म्हणून एकटी ठेवलेली मादीही अंड्यांमुळे संकटात सापडू शकते.

प्रथम नर-मादी ओळखणे जरूरीचे आहे. या जातीच्या नराच्या पुढच्या पायांची नखे लांबलचक असतात आणि शेपटी लांब व मुळाशी जाड असते. मादी आकाराने मोठी, तिची नखे आखूड, शेपटी लहान. पिलाच्या वयात हा भेद दिसत नाही. तो वाढ झाल्यावर स्पष्ट होतो. घरात भरपूर खाणे मिळालेली मादी रानातल्या मादीपेक्षा लवकर वाढते व लवकर अंडी धरते. बहुधा हा काळ वसंतापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंतचा असतो. पण घरातील उबेत तो केव्हाही येऊ शकतो.

लक्षणे एकत्रितपणे पाहावीत. भूक कमी होते, पण डोळे स्वच्छ आणि हालचाल जोमदार राहते. एरवी पाण्यात रमणारी मादी कोरड्या जागी अधिक वेळ ऊन घेत बसते. पेटीबाहेर सोडल्यास ती जमीन हुंगत कोपरे शोधते, कुंडीतील माती दिसली की तेथे थांबते आणि मागचे पाय आळीपाळीने उकरण्यासाठी हलवते. आजारी कासवाचे चित्र याच्या उलट असते. ते मलूल पडते, डोळे सुजतात, नाकातोंडातून बुडबुडे येतात, तोंड उघडून श्वास घेते, पाण्यात एका अंगावर कलते. नाशिकच्या थंडीत पारा दहा अंशांखाली उतरतो, तेव्हाही कासव खाणे सोडते. परंतु ते उकरत नाही, निपचित पडून राहते. ‘खात नाही’ या एकाच गोष्टीवरून निष्कर्ष काढू नये तो यासाठीच. मागच्या पायांपुढील खोबणीत बोटांनी चाचपून अंडी शोधण्याचा प्रयत्न घरी कोणी करू नये. दाबाने अंडे आत फुटले तर जिवावर बेतते. पशुवैद्याने काढलेल्या क्ष-किरण छायाचित्रात कवचाची अंडी स्पष्ट दिसतात आणि शंका उरत नाही.

अंडी असल्याचे कळले की तिला हवी असते ती माती. कासवीण अंडी पाण्यात घालत नाही. ओलसर जमिनीत मागच्या पायांनी खळगा करून, त्यात अंडी ठेवून, पुन्हा माती सारून ती निघून जाते. काचेच्या पेटीत तिला हे करता येत नाही आणि म्हणून ती धडका देते. एक मोठे घमेले किंवा प्लास्टिकचा टब घ्यावा. त्यात रेती आणि माती मिसळून कासवाच्या पाठीच्या लांबीइतकी, साधारण वीतभर तरी, खोल भरावी. माती मुठीत धरली तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, एवढी ओल असावी. टब उबदार, निवांत जागी ठेवावा आणि मादीला त्यात काही तास एकटे सोडावे. मुलांनी भोवती उभे राहून पाहू नये, मोबाइलवर चित्रीकरण करू नये. एका दिवसात काम झाले नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा संधी द्यावी. एका खेपेस दोन-चारपासून वीस-पंचवीसपर्यंत अंडी होऊ शकतात, आणि काही आठवड्यांनी दुसरी खेपही येऊ शकते.

निवांतपणाचे महत्त्व कोकणच्या किनाऱ्याने महाराष्ट्राला शिकवले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे. तेथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले या सागरी कासवांची घरटी राखण्याचे काम उभे केले. ही मादी रात्री वाळूवर येते आणि शंभराच्या आसपास अंडी घालून समुद्रात परतते. मात्र किनाऱ्यावर उजेड किंवा गडबड जाणवली, तर अंडी न घालताच ती माघारी वळते. तिच्यासमोर दुसऱ्या रात्री परत येण्यासाठी सारा किनारा असतो. दिवाणखान्यातील मादीला मात्र आपण दिलेल्या टबाखेरीज दुसरा किनारा नाही.

जागा मिळाली नाही, अंगात कॅल्शियम कमी असले किंवा अंड्याचा आकार वेडावाकडा असला तर अंडी आतच अडकतात. मादी वारंवार कुंथते, मागचे पाय लुळे पडतात, शेपटीजवळ सूज किंवा स्राव दिसतो, आणि आधीची चपळाई जाऊन ती मलूल होते. असे दिसताच घरगुती उपाय न करता सरीसृपांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे त्वरित न्यावे. कॅल्शियम व अंडी सुटण्याचे इंजेक्शन देऊन, आणि प्रसंगी शस्त्रक्रियेने, तिचा जीव वाचू शकतो. प्रत्येक पशुवैद्य कासवावर उपचार करतोच असे नाही. म्हणून ही चौकशी संकटापूर्वी करून ठेवणे शहाणपणाचे. कवचाच्या बळकटीसाठी काचेतून न गाळलेले थेट ऊन रोज मिळणेही आवश्यक आहे. पेटी किंवा मातीला हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवय मुलांना लावावी. कासवाच्या अंगावरील साल्मोनेला जंतूंमुळे लहान मुले आजारी पडल्याने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवे पाळण्यासाठी विकण्यास बंदी आहे.

आता श्रावकाच्या घरातील खरा पेच. अंड्यांचे करायचे काय? आजवर नराच्या संपर्कात न आलेल्या मादीची अंडी निर्बीज असतात. ती मातीत पुरून टाकता येतात. पण कधीकाळी नरासोबत राहिलेली मादी त्याचे बीज देहात दीर्घकाळ साठवू शकते, आणि एकट्या मादीची अंडीही सजीव निघू शकतात. अशी अंडी नष्ट करणे अहिंसाव्रती घराला मान्य होणार नाही. ती उबवून पिले वाढवावीत, तर प्रत्येक पिलाला वीस-तीस वर्षे सांभाळण्याचे उत्तरदायित्व येते. शिवाय वाढत्या पिलाला मांसयुक्त आहार लागतो, आणि बाजारातील बहुतेक खाद्यगोळ्यांत माशांची भुकटी असते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर अंडी दिसल्यानंतर नव्हे, त्याआधी द्यावे लागते. नर आणि मादी एका पेटीत ठेवू नयेत, जोडी करावी म्हणून दुसरे कासव आणू नये, आणि ज्या जीवाचा आहार आपल्या स्वयंपाकघरात बसत नाही त्याला मुळात विकत घेऊ नये. विक्रेत्याकडून एकाला ‘सोडवून’ आणले की त्याच्या जागी दुसरे येते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

गोदावरीत सोडून देणे ही जीवदया नव्हे. ही परकी जात जगातील सर्वाधिक उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत आहे. ती स्थानिक कासवांचे अन्न आणि ऊन घेण्याच्या जागा बळकावते. आपल्या द्वीपकल्पातील नद्यांत मऊ पाठीची जी कासवे राहतात, त्यांचा घास काढून घेऊन केलेले हे दान ठरते. आणि पेटीत वाढलेले कासव घाटावरच्या गर्दीत, निर्माल्यात आणि प्रवाहात तग धरीलच असेही नाही. एकाला अभय देताना अनेकांना भय देणे, हा व्यवहार कोणत्याच वहीत जमेच्या बाजूला लिहिता येणार नाही.

घरातील कासव जर पिवळ्या चांदण्यांच्या पाठीचे, म्हणजे आपल्याकडचे तारा कासव असेल, तर प्रश्न निराळा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे आणि ते घरी बाळगणे हा तुरुंगवासास पात्र गुन्हा आहे. बरकतीच्या नावाखाली होणाऱ्या विक्रीतूनच त्याची चोरटी शिकार चालते. असे कासव घरात असल्यास विलंब न लावता वनविभागाशी संपर्क साधावा.

कासवी नुसत्या दृष्टीने पिलांचे पोषण करते, अशी कल्पना मराठी मनात खोल रुजलेली आहे. निसर्गात मात्र ती माती सारून निघून जाते आणि मागे वळून पाहत नाही. तिच्या पिलांवर नजर असते ती उन्हाची, ओलीची आणि मातीची. आपण तिला या तिन्हींपासून दूर आणले. तेव्हा ती नजर ठेवण्याचे काम आता आपल्याकडे आले आहे. ती काचेला धडका देऊ लागली की ‘हिला काय झाले’ असे विचारण्याआधी ‘हिला काय हवे आहे’ असे विचारावे. बहुतेक वेळा तिची मागणी घमेलेभर ओल्या मातीची आणि थोड्या एकांताची असते.