वादीत जावे ते मेहमान होऊन

आपल्याकडे 'वाडी' म्हटले की नारळी-पोफळी डोळ्यांपुढे येतात. अरबीतली 'वादी' वेगळी. पाण्याने डोंगर कोरून केलेली ती दरी. एरवी बहुतेक कोरडी, पाऊस पडला की नदी. रत्नागिरी-रायगडकडच्या कितीतरी घरांतली कर्ती माणसे ओमानात नोकरीला आहेत. शाळांना सुट्टी लागली की बायकामुले मस्कतला जातात आणि एखाद्या शुक्रवार-शनिवारी 'वादी शाब'चा बेत ठरतो.

बेत चांगला आहे. मस्कतहून सूरच्या रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटरवर, तिवी गावाजवळ, ही वादी समुद्राला मिळते. तोंडाशी लहान होडी पैलतीरी सोडते. पुढे पाऊण-एक तास चालायचे. आधी खजुराची, केळीची झाडे, मग दोन्हीकडे उंच कातळ आणि पायाखाली गोटे. त्यानंतर हिरवे-निळे डोह. ते पोहत पार केले की जेमतेम डोके मावेल एवढी फट लागते आणि आत गुहेत धबधबा कोसळत असतो. पोहता येत नसेल त्याने मात्र पहिल्या डोहाच्या काठीच बसावे. पुढे पाय टेकत नाहीत. घसरणार नाहीत असे बूट, भरपूर पाणी आणि अंगभर सुती कपडे घ्यावेत. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, म्हणून ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ बरा.

वाटेत कडेने पाण्याचा पाट जाताना दिसेल. त्याला तिथे फलज म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी वाटे करणे हा अर्थ आहे. ओमानी गावांत फलजचे पाणी पाळीने वाटले जाते. पूर्वी पाळीचा वेळ दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून मोजत. ओमानमधले असे पाच फलज २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतले. आपल्याला सहलीचे वाटणारे पाणी कुणाच्या तरी बागेचे आहे. त्यात साबण लावू नये, उरलेली बिर्याणी टाकू नये. वाहत्या पाण्यावर वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेले असते.

आता जिवाची गोष्ट. या डोंगरांवर माती आणि झाडी फारशी नाही. पाऊस मुरत नाही, थेट खाली धावतो आणि अरुंद दरीत बघता बघता चढतो. आपल्या डोक्यावर ऊन असते, लोंढा मात्र मागच्या डोंगरातून निघालेला असतो. एप्रिल २०२४ मध्ये ओमानात आलेल्या पुरात शाळकरी मुलांसह अनेकांचे जीव गेले. म्हणून निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा बघावा. पाणी गढूळ झाले, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, दूरवर घरघर ऐकू आली, तर सामान सोडून कडेच्या उंच जागी चढावे. दरीतूनच खाली पळत सुटू नये. रस्त्यावरून वादी वाहत असेल तर गाडी घालू नये. तिथल्या कायद्याने तो गुन्हाही आहे. मदतीसाठी ९९९९ हा नंबर लक्षात ठेवावा.

हे सारे ठाऊक असूनही पाय अडतो तो दुसरीकडेच. वर्षातून एकदा मुले बापाकडे आलेली असतात. त्याने मिनतवारीने रजा काढलेली असते. दीडशे किलोमीटर गाडी चालवून झालेली असते, आणि नेमके तेव्हा डोंगरावर ढग दिसतात. "आलोच आहोत तर जरा आत जाऊन येऊ," असे कुणीतरी म्हणतो. घरातली बाई नको म्हणाली, तर "अम्मी उगाच घाबरते," म्हणून सगळे हसतात.

आम्हाला वाटते, यावरचा उपाय आदल्या रात्री घरातच करावा. जेवताना ठरवून टाकावे, की एकानेही 'परतू या' म्हटले की सगळ्यांनी परतायचे. वाद नाही, चेष्टा नाही. मग ती अम्मी असो, नाहीतर दहा वर्षांची मुलगी. समजूतदार मेहमान यजमानाचा चेहरा बघून उठतो. वादीचा चेहरा म्हणजे तिच्या डोंगरावरचे आभाळ. ते काळवंडले तर समुद्रकाठी चटई अंथरावी, डबे उघडावेत आणि मुलांना बापाजवळ बसू द्यावे. ती त्यासाठीच तर एवढ्या लांब आलेली असतात.