रत्नागिरीची बाजारपेठ बंदराने नव्हे, कचेरीने वसवली

रत्नागिरीवर लिहायला बसले की लेखणी रत्नदुर्ग, थिबा राजवाडा आणि टिळकांचे जन्मघर या तीन ठिकाणांपलीकडे सहसा जात नाही. आजचा धागा त्यांच्या मधल्या, रोजच्या पायाखालच्या जागेविषयी आहे. राम आळी, गोखले नाका, धनजी नाका आणि त्यांना जोडणारी अरुंद बाजारपेठ.

या पेठेची एक सोपी कथा सर्वत्र सांगितली जाते: बंदर होते, म्हणून व्यापार आला, व्यापार आला म्हणून पेठ वाढली. मला ती पटत नाही. दक्षिण कोकणातील जुन्या मातब्बर पेठा उघड्या किनाऱ्यावर नव्हत्या. त्या खाडीच्या आत, घाटवाटांच्या तोंडाशी होत्या. इंग्रजांची वखार राजापुरास होती आणि १६६१ साली शिवाजी महाराजांची स्वारी झाली तीही राजापुरावर, कारण संपत्ती तिथे साठली होती. घाटमाथ्याचा माल कुंभार्ली घाट उतरून चिपळुणास येई आणि वाशिष्ठीच्या खाडीने समुद्र गाठी. त्या मानाने रत्नागिरी म्हणजे किल्ला आणि त्याच्या आसऱ्याची गावे.

पेठ मुळीच नव्हती असे मात्र नाही. रत्नदुर्गाच्या पायथ्याच्या वस्तीला आजही पेठकिल्ला म्हणतात. नावात पेठ टिकली. शहराचा मुख्य बाजार मात्र तिथे नाही. तो हलला कशामुळे?

माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर १८२२ या सालात आहे. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दक्षिण कोकणचा जिल्हा केला, त्याचे ठाणे आरंभी बाणकोटास ठेवले आणि १८२२ मध्ये मध्यवर्ती म्हणून रत्नागिरीस आणले. कचेरी आली, मागोमाग न्यायालय, तुरुंग, सरकारी शाळा. भातशेती आणि मासेमारीवर जगणाऱ्या मुलखात ठरल्या दिवशी रोख वेतन घेणारा एक वर्ग उभा राहिला. टिळकांचे वडील गंगाधरपंत हे अशाच पगारी शिक्षकांपैकी एक. कारकून, वकील, मास्तर यांना धान्य, कापड, कागद, तेल विकत घ्यावे लागे. खटल्याच्या तारखेसाठी दूरच्या खेड्यातून आलेल्या पक्षकारालाही मुक्काम आणि जेवण लागे. १८८६ मध्ये ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा इथे आणून ठेवला गेला. त्याचा संसारही सरकारी तनख्यावर चालला. या पेठेचे पहिले मोठे गिऱ्हाईक व्यापारी नव्हते, ते सरकार होते.

दुसरे मोठे गिऱ्हाईक मुंबईत राहत होते. १९२१ च्या जनगणनेत मुंबई शहरात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली माणसे दोन लाखांहून अधिक भरली. (तेव्हा आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भागही याच जिल्ह्यात होता, सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला.) १८८० पासून टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली होती आणि गिरणीतली कमाई तिच्या वाटेने गावाकडे येऊ लागली. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून त्याआधी घरोघर बेगमी करायची. मनीऑर्डर हाती येईपर्यंत दुकानातून उधारी. गौरी-गणपतीला चाकरमानी आला की हिशेब चुकता. बोटीतून उतरणाऱ्या मालापेक्षा बोटीने गेलेल्या माणसांनी हा बाजार अधिक पोसला, असे मी म्हणेन.

पेठ सर्वांची होती असे मात्र कुणी समजू नये. १९३३ साली सावरकरांनी रत्नागिरीत अखिल हिंदू उपाहारगृह सुरू केले. पूर्वास्पृश्यांसह सर्व हिंदूंना एकत्र बसून चहा-फराळ घेता यावा, एवढ्यासाठी वेगळे उपाहारगृह काढावे लागत असेल, तर बाकीच्या बाजाराची रीत काय असेल हे उघड आहे. त्यापूर्वी दोन वर्षे, १९३१ मध्ये, पतितपावन मंदिर उभे राहिले. त्याला पैसा पुरवणारे भागोजीशेठ कीर रत्नागिरीचे खरे, पण त्यांची संपत्ती मुंबईच्या कंत्राटदारीतली. मुंबईचा पैसा इथेही आहेच.

आता पेठ पुन्हा हलते आहे. एस.टी. आली, बोटी थांबल्या, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि तिचे स्थानक शहरापासून दूर, वर सड्यावर आले. मारुती मंदिर, साळवी स्टॉप, कुवारबाव अशी दुकानांची रांग जांभ्याच्या सड्यावर पूर्वेकडे सरकत चालली आहे. जुने रत्नागिरीकर याचा दोष मोठ्या दालनांना आणि मोबाइलवरच्या खरेदीला देतात. माझा त्यांच्याशी मतभेद आहे. किल्ल्याखालची पेठ कचेरीकडे गेली तेव्हा मोबाइल कुठे होता? हा बाजार आपल्या गिऱ्हाइकामागे जात आला आहे. आजचे गिऱ्हाईक वाहनातून येते आणि राम आळीत वाहन लावायला जागा नाही.

म्हणून राम आळी जशीच्या तशी गोठवून ठेवावी, या मागणीत मला फारसा अर्थ दिसत नाही. मला काळजी वेगळीच आहे. दुकान वर सड्यावर नेताना मालक फळ्या आणि तराजू नेतो. रोजमेळ, खतावण्या आणि उधारीच्या वह्या रद्दीत जातात. कोणत्या वाडीतल्या कोणत्या घराने आषाढात किती तांदूळ उधार नेला आणि गणपतीत तो कसा फेडला, हे सरकारी दप्तरात सापडणार नाही. वर मी मनीऑर्डरीविषयी जे अनुमान मांडले, ते खरे की खोटे हे त्याच वह्या ठरवतील.

तेव्हा ज्यांच्या घरी कोकणातल्या कुठल्याही पेठेचे जुने दुकान असेल, त्यांनी माळ्यावर एकदा चढून पाहावे. वही मोडीत असली तरी फेकू नये. पानांची छायाचित्रे काढावीत, मोडी वाचणारे मित्र या धाग्यावर आहेत.

पुढचा धागा राजापूरच्या वखारीवर.