वाचा ही विकत घेण्याची वस्तू नव्हे

ब्रिटिश मजूर पक्षाचे नेते अन्यूरिन बेव्हन यांचे नाव आपल्या जुन्या साथींना अपरिचित नाही. १८९७ साली दक्षिण वेल्समधील ट्रेडेगार येथे खाणकामगाराच्या घरी जन्मलेला आणि कोवळ्या वयातच स्वतः खाणीत उतरलेला हा मुलगा बोलताना अडखळत असे. अडणारा शब्द टाळून त्याच अर्थाचा दुसरा शब्द हाताशी असावा म्हणून त्याने कामगारांच्या वाचनालयातील पुस्तके पालथी घातली, आणि सभांतून हट्टाने बोलत राहून तो पुढे पार्लमेंटातील पहिल्या प्रतीचा वक्ता झाला. त्याच काळात इंग्लंडचा एक राजपुत्रही, पुढे राजा झालेला सहावा जॉर्ज, असाच अडखळत होता. १९२६ पासून त्याला लायोनेल लोग यांच्यासारखा वाचोपचारक लाभला. व्यथा एकच, परंतु राजपुत्राला उपचारक मिळाला आणि खाणकामगाराला केवळ स्वतःची जिद्द.

बेव्हन यांच्या जिद्दीचे गोडवे गाऊन थांबणे सोपे आहे. परंतु असामान्य माणसांच्या पराक्रमावर समाजाची व्यवस्था उभी करता येत नाही. खुद्द बेव्हन यांनीही ती तशी केली नाही. आरोग्यमंत्री या नात्याने ५ जुलै १९४८ रोजी त्यांनी जी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली, तिचे तत्त्वच असे होते की, उपचार गरजेनुसार मिळावा, ऐपतीनुसार नव्हे.

आपल्याकडे काय दिसते? मूल तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, तेव्हा कोणी जिभेला वेखंड चाटवतो, कोणी नवस बोलतो. ‘त्याचा बापही उशिराच बोलला’ असे म्हणून घर निश्चिंत होते. त्या मुलाला कदाचित ऐकूच येत नसेल, हे तपासण्याचे मोलाचे दिवस निघून जातात. लहानपणी अडखळणारी बहुतेक मुले आपोआप सुधारतात हे खरे. ज्यांची अडखळण टिकते त्यांच्या वाट्याला मात्र नक्कल आणि हशा येतो. पक्षाघाताने वाचा गेलेल्या शेतकऱ्याला पुष्कळदा सारे समजत असते, फक्त शब्द सापडत नाही. घरचे मात्र समजतात की, त्याची बुद्धीच गेली.

माझाही दोष मी लपवीत नाही. अध्यापनाच्या प्रारंभीच्या काळात एका हुशार विद्यार्थ्याला मी तोंडी परीक्षेत कमी गुण दिले. त्याला उत्तर येत होते. वाट पाहण्याइतका धीर मला नव्हता.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या प्रश्नाचे मर्म वेगळेच आहे. वाचोपचार म्हणजे औषधाची बाटली नव्हे, एकदाच करावयाची शस्त्रक्रियाही नव्हे. आठवड्यातून एकदोनदा, महिनोन्‌महिने चालणारे ते काम आहे. त्यामुळे फी माफ झाली तरी एसटीचे भाडे आणि आईची बुडालेली मजुरी उरतेच. म्हैसूरची अखिल भारतीय वाणी व श्रवण संस्था १९६५ साली आणि मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ साली स्थापन झाली. तज्ज्ञ घडवण्याचे त्यांचे कार्य मोठे आहे. परंतु तयार झालेला तज्ज्ञ फी मिळेल तेथे जातो, आणि फी शहरात मिळते.

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यात वाचादोषाला स्वतंत्र स्थानच नव्हते. २०१६ च्या कायद्याने ते दिले. मात्र व्याख्या केली ती शारीरिक अथवा मज्जासंस्थेच्या कारणाने आलेल्या कायमच्या विकलांगतेची. उशिरा बोलणारे मूल वा अडखळणारा तरुण या चौकटीत सहजासहजी बसत नाही. २०११ च्या जनगणनेत वाचेच्या अपंगत्वाची नोंद सुमारे २० लाख व्यक्तींची झाली. २०१३ पासून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी होते. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु नाव नोंदवणे म्हणजे उपचार नव्हे. जिल्ह्याच्या केंद्रापर्यंत दर आठवड्याला जाणार कोण?

‘इतके तज्ज्ञ आणायचे कोठून?’ असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. म्हणूनच प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात वाचोपचारकाचे कायम पद, तेथून तालुक्याला ठरलेल्या वारी भेट, आणि पालकाला प्रवासखर्च व बुडीत मजुरी, ही मागणी टप्प्याटप्प्याने तरी आपण लावून धरली पाहिजे. घरी करून घ्यावयाचा सराव अंगणवाडी सेविका शिकवू शकतील. पण त्याचा मोबदला त्यांना मिळालाच पाहिजे. आधीच वाकलेल्या पाठीवर आणखी एक फुकटचे ओझे नको.

आणि एक काम आपल्याला शासनाची वाट न पाहता करता येईल. शाखेच्या बैठकीत एखादा साथी अडखळला, तर त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. त्याला ते पुरे करू द्यावे. ज्यांना बोलू दिले जात नाही त्यांची बाजू घेणारी आपली चळवळ आहे. ती बाजू घेण्याची सुरुवात आपल्याच बैठकीतून व्हावी.