मेले तर फक्त अठ्ठावीस!

शुक्रवारी डबा खाताना टीममधल्या एका मित्राशी चांगलंच वाजलं. विषय काय, तर त्याच्या गाडीच्या एअरबॅगचा रिकॉल. कंपनीचा मेसेज येऊन चार महिने झाले, पण हे साहेब काही जात नाहीत. का? तर "अरे, सहा कोटी सत्तर लाख इन्फ्लेटर परत बोलावलेत अमेरिकेत, आणि मेलीत किती माणसं? अठ्ठावीस! भागाकार कर की. मला शनिवार घालवायचा नाहीये."

भागाकार कर म्हणे. आता हा माणूस आमच्याकडे परफॉर्मन्सच्या आकड्यांवर भल्याभल्यांना मीटिंगमध्ये झोपवतो (दोन्ही अर्थांनी!), त्यामुळे टेबलावरचे सगळे माना डोलवायला लागले. मी तिथे जे बोललो ते अर्धवट आणि घास तोंडात असताना बोललो. ते आता नीट लिहितो.

आधी भानगड काय ते थोडक्यात. ताकाता ही एअरबॅग बनवणारी मोठी जपानी कंपनी. बॅग फुगवायला गॅस लागतो आणि तो एका स्टीलच्या डबीत रसायन जाळून तयार करतात. त्या डबीला इन्फ्लेटर म्हणायचं. ताकाताने त्यात अमोनियम नायट्रेट वापरलं, स्वस्त म्हणून. हे रसायन हवेतला ओलावा ओढतं. दिवसा तापायचं, रात्री निवायचं, असं वर्षानुवर्षं झालं की त्याच्या दाबून बसवलेल्या गोळ्यांना भेगा पडतात, त्या सच्छिद्र होतात. मग पेटल्यावर जळायला जास्त पृष्ठभाग मिळतो, जाळ ठरल्यापेक्षा वेगाने होतो, दाब डबीला झेपत नाही आणि ती फुटते. स्टीलचे तुकडे बॅग फाडून थेट माणसाच्या तोंडावर, मानेवर. २०१४ मध्ये ऑर्लँडोत एका अपघातानंतर बाईच्या मानेवरच्या जखमा बघून पोलिसांना आधी वाटलं, हिला कोणीतरी भोसकलंय. धडक आणि चाकू यांचा मेळ त्यांना लागेना.

धोक्याच्या तीन गोष्टी लक्षात घ्या: उष्णता, दमटपणा आणि गाडीचं वय. म्हणजे फ्लोरिडा. म्हणजे मलेशिया. आणि मुंबई, रत्नागिरी, पणजी नाही तर काय?

आता मित्राचा भागाकार. अंश अठ्ठावीस, ठीक आहे (डोळे गेलेले, जबडा तुटलेले असे चारशेहून जास्त जखमी त्याने धरलेच नाहीत, पण असो). घोळ छेदात आहे. छेदात त्याने बसवलेल्या सगळ्या बॅगा घेतल्या. अरे, पण बहुतेक बॅगा आयुष्यात कधी उघडतच नाहीत! न उघडलेली बॅग फुटणार कशी? खरा प्रश्न असा की गाडी ठोकली आणि बॅग उघडली, तर त्या क्षणी ती फुटायची शक्यता किती. जो कोड कधी रन झालाच नाही त्याचे क्रॅश मोजून कोणी त्याला स्टेबल म्हणतं का? आपल्यात असं कोणी बोललं तर त्याचा पुढचा कोड रिव्ह्यू मी स्वतः घेईन.

आणि ह्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, निदान एका गटापुरतं, उपलब्ध आहे. अमेरिकेच्या वाहनसुरक्षा खात्याने जून २०१६ मध्ये जाहीर केलं की २००१ ते २००३ च्या काही होंडा आणि अॅक्युरा गाड्यांमधले इन्फ्लेटर प्रयोगशाळेत ५० टक्क्यांपर्यंत फुटतायत. पन्नास! नाणं उडवण्यासारखं. ह्या गाड्या दुरुस्तीला ने, बाकी चालवू नको, असं खात्याने सांगितलं. सगळ्या गाड्या इतक्या वाईट नाहीत, हे मान्य. पण तुझी कुठल्या गटात आहे ते तुला माहीत आहे का? मग सरासरी कसली काढतोस?

त्याच घोषणेतला दुसरा आकडा मला जास्त टोचतो. ह्या गाड्यांचे रिकॉल निघाले होते २००८ ते २०११ मध्ये. आणि २०१६ मध्ये त्यातल्या सुमारे तीन लाख तेरा हजार अजून दुरुस्त व्हायच्या होत्या. पैसे पडत नाहीत, पार्ट कंपनी देते, तरीही.

ते सगळे आळशी होते का? मीही तसंच समजायचो, स्वतःवर वेळ येईपर्यंत. माझी गाडी २०१२ ची, सेकंड हँड (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही). मला कधी कसलंही पत्र आलं नाही. एका रविवारी सहज म्हणून कंपनीच्या साइटवर चॅसी नंबर टाकला तर लाल अक्षरांत उत्तर: एअरबॅग बदलणे बाकी. मग ज्या काकांकडून गाडी घेतली त्यांना फोन केला. काका म्हणाले, "हो रे, आली होती दोन-तीन पत्रं. मला वाटलं सर्व्हिसिंगची ऑफर असेल. रद्दीत गेली."

काकांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पुढे त्या पत्राचा नमुना माझ्या हातात पडला. "सावधगिरीचा उपाय म्हणून", "ग्राहकांच्या समाधानासाठी", "मोफत तपासणी". "ही डबी फुटून तुम्ही मरू शकता" हे वाक्य कुठेच नाही. असल्या भाषेत आलेलं पत्र रद्दीत जाणार नाही तर काय देवघरात ठेवणार? बरं, ताकाताने स्वतः काय केलं? चाचण्यांचे आकडे बदलून गाडीकंपन्यांना दिले, आणि जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत फसवणुकीचा गुन्हा कबूल करून एक अब्ज डॉलर भरायचं मान्य केलं. त्याच वर्षी जूनमध्ये दिवाळखोरी. हे माहीत असूनही "सावधगिरीचा उपाय" लिहायला हात कसा धजावतो कोण जाणे.

दुसऱ्या देशांनी लोकांच्या उत्साहावर सोडलं नाही. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये सिडनीजवळ एक माणूस दगावला, आणि २०१८ च्या सुरुवातीला सरकारने रिकॉल सक्तीचा केला, साधारण तीस लाख गाड्या, मुदत २०२० ची अखेर. जपानने २०१८ पासून धोकादायक इन्फ्लेटर न बदललेल्या गाड्यांना सक्तीच्या तपासणीत पास करणं थांबवलं. तपासणी नाही तर गाडी रस्त्यावर नाही. संपला विषय.

आपल्याकडे? २०१२ पासून गाडीकंपन्यांच्या संघटनेची ऐच्छिक आचारसंहिता होती. त्यात ताकाताचे रिकॉल निघालेही. उदाहरणार्थ जानेवारी २०१७ मध्ये होंडाने २०१२ साली बनलेल्या ४१,५८० गाड्या बोलावल्या. मग २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०अ कलम आलं, सरकारला रिकॉलचा हुकूम काढता येऊ लागला, आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. वाचून मला बरं वाटलं. मग पुढची ओळ वाचली: सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी.

सात वर्षं! जो दोष गाडी जितकी जुनी तितका वाढतो, त्याच्यावर हा इलाज. गाडी चौथ्या मालकाकडे, अलिबागच्या कुठल्यातरी अंगणात उन्हात उभी असते, तेव्हा तिच्यातली डबी सगळ्यात धोकादायक असते आणि कायदा नेमका तिथून उठून गेलेला असतो.

करायला फार काही नको आहे हो. दरवर्षी इन्शुरन्स रिन्यू करतो, पीयूसी काढतो, गाडी विकली तर आरसी ट्रान्सफर होते. प्रत्येक वेळी गाडीची नोंद कुठल्यातरी कॉम्प्युटरवर उघडलेली असते. कंपन्यांकडे बाकी चॅसी नंबरांची यादी असते. हे दोन टेबल जोडायचं काम आपल्याकडचा फ्रेशरसुद्धा करेल. धूर जास्त असेल तर सर्टिफिकेट नाकारता, मग स्टिअरिंगमध्ये फुटकी डबी असेल तर निदान स्क्रीनवर एक ओळ दाखवायला काय हरकत आहे?

ते होईल तेव्हा होईल. तोवर आरसीवरचा चॅसी नंबर बघा आणि कंपनीच्या साइटवर टाका. सेकंड हँड गाडी असेल तर आजच. आणि कोणी "मी एअरबॅगची वायरच काढून टाकतो" म्हणत असेल तर कृपा करून नको. चांगली एअरबॅग जीव वाचवते, वाईट असेल ती बदलून घ्यायची असते. माझी बदलायला दोन तास लागले, त्यातला एक पार्किंग मिळेपर्यंत.

मित्राला शुक्रवारी संध्याकाळी मेसेज केला, चॅसी नंबर पाठव, मी बघतो. दोन निळ्या टिक आल्या आहेत. नंबर अजून आलेला नाही.