भरतीची वेळही सांगा

पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू अजून सरायचा होता. सोमवारी, 26 मे 2025 रोजी सकाळी चतुर्दशी होती आणि दुपारी वैशाखातली अमावास्या लागत होती. त्याच दिवशी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. त्याची नेहमीची तारीख 11 जून. 1950 पासूनच्या नोंदींत तो इतक्या लवकर कधी आला नव्हता. कुलाब्याला मे महिन्यातल्या पावसाने 1918 सालचा 279.4 मिलिमीटरचा उच्चांक मोडला. वरळीच्या आचार्य अत्रे चौकातल्या, नुकत्याच सुरू झालेल्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरले आणि ती दृश्ये देशभर पोहोचली. त्याच्या दोन दिवस आधी, शनिवारी, अरबी समुद्रातले कमी दाबाचे तीव्र क्षेत्र रत्नागिरीजवळ किनारा ओलांडून आत आले होते. त्याची बातमी मुंबईच्या बातमीखाली दबून गेली.

हवामान खात्याचा अंदाज चुकला, असे या वेळी म्हणता येणार नाही. केरळात मोसमी पाऊस 27 मेच्या सुमारास, चार दिवस मागेपुढे, येईल असे खात्याने सांगितले होते. तो 24 तारखेला आला. कोकण-गोव्याच्या समुद्रात जाऊ नका, हेही मच्छीमारांना वेळेत कळवले गेले. एवढे असूनही किनाऱ्यावरचे लोक गाफील सापडले. अंदाज बरोबर निघतो आणि नुकसान टळत नाही, तेव्हा तो सांगितला कसा जातो हे पाहायला हवे.

सातपाटी, अर्नाळा, वर्सोवा, करंजा इथे मे महिना म्हणजे आगोटीची घाई. 1 जूनपासून दोन महिने मासेमारी बंद. त्याआधी मिळेल तेवढी मासळी सुकवून ठेवायची, त्यावर पावसाळ्यातले घर चालायचे. पहाटे होडीतून बोंबील उतरले की कोळीण ते जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने वलांडीवर टांगते. कडक ऊन असेल तर दोन-तीन दिवसांत माल तयार होतो. मध्येच पाऊस पडला तर अर्धवट सुकलेला बोंबील मऊ पडतो, वास मारू लागतो, आणि मग तो खाण्यासाठी नाही, खतासाठी कुटीच्या भावाने द्यावा लागतो. पहाटे चार वाजता टोपली खाली ठेवून तिला एकच ठरवायचे असते, आज टांगू की नको. तिच्या हातात असलेला अंदाज मात्र सांगतो, ‘कोकणात बहुतेक ठिकाणी हलका ते मध्यम, तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस’. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा सगळा किनारा या एका वाक्यात बसवलेला असतो. त्यावरून तिने काय ठरवावे?

अलिबाग-पेणच्या खारेपाटात याहून मोठे नुकसान होते. खाडीकाठची ही भातशेती बांधांच्या भरवशावर उभी आहे. बांधात ठिकठिकाणी उघाड्या असतात. उघाडीची झडप साधी, पण तिची करामत मोठी आहे. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा ती आपोआप मिटते. ओहोटी लागली की आत साचलेले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. म्हणजे शेतातले पाणी वाहून जायला दिवसाचे ठरावीक तासच मिळतात. ऐन भरतीत मोठी सर आली तर उघाडी बंद, आत पाणी चढत जाते. झडपेची फळी कुजलेली असेल किंवा बांधाला खांड गेलेली असेल तर खारे पाणी थेट खाचरात घुसते, आणि एकदा ते घुसले की पुढची दोन-तीन वर्षे तिथे धड भात होत नाही. पूर्वी गावकरी एकत्र येऊन उन्हाळ्यात खाडीतला चिखल काढून बांध लिंपत. आज खांडीच्या दुरुस्तीचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत उधाण येऊन गेलेले असते. 2025 मध्ये तर पाऊसच पंधरा दिवस आधी आला. मे अखेरपर्यंत काम उरकू, या हिशेबाने निघालेली कामे तशीच अर्ध्यावर राहिली.

मुंबईचीही मूळ रचना हीच आहे. भर टाकून जोडलेले हे शहर. त्याचे बहुतेक नाले मोठ्या भरतीच्या पातळीखाली समुद्राला मिळतात. भरतीत झडपा बंद कराव्या लागतात आणि आतले पाणी हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला अशा ठिकाणच्या पंपांनी उपसून टाकावे लागते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा मुंबईकराला पाठ आहे. त्या दुपारी सुमारे साडेचार मीटरची भरतीही होती, हे फार थोड्यांना आठवते. 26 मे 2025 च्या सोमवारीही भर पावसात, अकराच्या पुढे, उधाणाची भरती होती. तोच पाऊस अष्टमीला, म्हणजे भांगाच्या, लहान भरतीच्या दिवसांत पडला असता तर रस्त्यावरचे पाणी बरेच लवकर ओसरले असते.

समुद्राची आणखी एक चाल आहे आणि ती वसंतातच अधिक दिसते. 31 मार्च 2024 रोजी केरळच्या किनाऱ्यावर, वादळ नाही, पाऊस नाही, अशा दिवशी समुद्र घरांत शिरला. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या महासागर माहिती केंद्राने माग काढला तेव्हा कळले की, आठवडाभर आधी दक्षिण अटलांटिकमध्ये, केरळपासून सुमारे दहा हजार किलोमीटरवर, कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले होते. ते दक्षिण हिंदी महासागरात सरकले, तिथे अकरा मीटरपर्यंत लाटा उठल्या, आणि त्यांचा फुगवटा चालत चालत आपल्या किनाऱ्याला लागला. केरळचे मच्छीमार याला ‘कळ्ळक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र. 2012 मध्ये युनेस्कोने हाच शब्द शास्त्रीय वापरासाठी स्वीकारला. 2024 च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अशाच लाटांचा इशारा महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही दिला गेला होता. आकाश निरभ्र होते म्हणून किती जणांनी तो मनावर घेतला? नेमक्या त्याच दिवसांत कन्याकुमारी जिल्ह्यात किनाऱ्यावर उतरलेले पाच वैद्यकीय विद्यार्थी लाटेने ओढून नेले.

म्हणजे पाऊस, भरती आणि दुरून आलेली लाट या तीन गोष्टी जुळल्या की किनाऱ्यावर पाणी चढते. पावसाचा अंदाज हवामान खाते देते. भरतीचे वेळापत्रक भारतीय सर्वेक्षण विभाग वर्षभर आधी छापतो. लाटांचा इशारा हैदराबादहून येतो. तिन्ही ठिकाणची माणसे आपापल्या कामात पारंगत आहेत आणि तिन्ही कागद वेळेवर निघतात. पण ते एकत्र मांडून ‘देवबागला आज दुपारी बारा ते दोन या वेळात समुद्र वस्तीत येऊ शकतो’ असे कोणी सांगत नाही. मालवण तालुक्यातले देवबाग कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे. तिथल्या माणसाला जिल्ह्याच्या इशाऱ्याचा रंग पिवळा की नारिंगी हे कळून उपयोग नाही. त्याला वेळ कळली पाहिजे.

ही भाषा आपल्या किनाऱ्याला नवी नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हा हिशेब मुंबईच्या आसपासच्या कोळीवाड्यात शाळेत न गेलेली म्हातारी माणसेही बोटांवर करतात. अष्टमीला सहाची भरती, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराची. रोज भरती पाऊण तासाच्या थोडी वर पुढे सरकते, म्हणून हे गणित बसते. अपोलो बंदरावर 1878 पासून भरती-ओहोटीची नोंद यंत्राने होते. कोळ्याचे गणित आणि बंदरावरची ही नोंद यांचा रोजच्या इशाऱ्यात मेळ का घातला जात नाही, हे आम्हाला उमगत नाही. केरळच्या मच्छीमारांच्या तोंडचा शब्द जगाने उचलला. मग आमच्या इशाऱ्यात ‘उधाण’ आणि ‘भांग’ हे शब्द यायला कसली अडचण आहे?

आमची मागणी मोजकी आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाने मे ते सप्टेंबर रोज संध्याकाळी प्रत्येक खाडीसाठी एकच पत्रक काढावे. पाऊस किती, पूर्ण भरती किती वाजता, लाट किती उंच, आणि तिन्ही एकत्र आले तर कोणत्या वस्तीत कितीपर्यंत पाणी, एवढे त्यात मराठीत लिहिलेले असावे. ते मच्छीमार सोसायटी, सरपंच आणि पोलीस पाटील यांच्याकडे पोहोचावे आणि बंदरावरच्या फळ्यावर लागावे. तीन नंबरचा बावटा लागला की काय करायचे हे आजही प्रत्येक तांडेलाला ठाऊक असते. पत्रकाचेही तसेच व्हावे. दुसरे म्हणजे, खाडीवरच्या पुलांच्या खांबांवर ठळक मापपट्टी रंगवावी आणि मोठ्या उधाणाला पाणी कुठपर्यंत चढले याची नोंद गावातल्या शाळेने ठेवावी. असे दोन पावसाळे गेले की वस्तीनिहाय अंदाजाला पक्का आधार मिळेल. यासाठी मोठा निधी लागत नाही. आणि तिसरे, सगळ्यांत निकडीचे: खारबंदिस्तीच्या दुरुस्तीची मुदत मे अखेर न ठेवता एप्रिलमध्ये आणावी. मोसमी पाऊस 24 मे रोजी केरळात आणि दोन दिवसांत मुंबईत येऊ शकतो, हे आता डोळ्यांनी दिसले आहे.

त्यानंतरची अमावास्या 25 जून 2025 रोजी होती. तिच्यानंतरच्या एक-दोन दिवसांत पावसाळ्यातले मोठे उधाण येणार होते, आणि तेव्हा भरती दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास असणार होती. तोवर खारेपाटातल्या भाताचे राब उगवून लावणीला आलेले असणार होते. खांडी बुजवायला आणि उघाड्यांच्या फळ्या बदलायला त्या सोमवारपासून चार आठवडे हातात होते.