आळ आणि चित्रकार

खोटा आळ रंगवणे कठीण, कारण खोटे ऐकू येते, दिसत नाही. ग्रीक चित्रकार अपेलीझच्या हरवलेल्या चित्राचे वर्णन प्राचीन लेखक लुशियनने लिहून ठेवले होते. त्यावरून इटालियन चित्रकार बोत्तिचेल्लीने १४९५च्या सुमारास ‘अपेलीझवरील कुभांड’ हे चित्र काढले. त्यात गाढवाच्या कानांच्या राजाशी दोघीजणी कुजबुजतात, अज्ञान आणि संशय. कुभांड ही देखणी तरुणी निरपराध युवकाला केस धरून फरफटत आणते आणि दोन मैत्रिणी तिच्याच वेणीत फुले माळतात. खोट्याला सजवणारे हात वेगळेच असतात, हे त्या वेणीइतके स्पष्ट दुसऱ्या कुणी दाखवलेले नाही. नग्न सत्य कडेला उभे, बोट आकाशाकडे. राजा रविवर्म्याची वाट निराळी. ‘सीता भूमिप्रवेश’मध्ये आळ घेणारा नाहीच; धरणी लेकीला पोटात घेते आणि राम पाहत राहतो. हेच चित्रण अधिक खरे, कारण आळ घेणारा निघून जातो, भोगणारी मागे उरते. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि त्याची पौराणिक चित्रे घरोघर भिंतींवर गेली. त्याच छापखान्यासाठी काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. त्या चित्रपटात खुनाचा खोटा आळ तारामतीवर येतो आणि तिच्यावर खड्ग उचलण्याची आज्ञा होते ती कधीही खोटे न बोलणाऱ्या तिच्या नवऱ्याला.