काचपेटी नको, बाभूळच बरी!

वीकेंडला चिखलीला घरी गेलात आणि कुंपणावर घोयरा, म्हणजे आपला देशी शॅमेलिऑन दिसला, तर ‘कूल पेट’ म्हणून उचलू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळता येत नाही. शिवाय त्याचा ‘फ्लॅट’ सजवणं सोपं नाही, बरं का! वाटीतलं पाणी तो सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. काचपेटीत हवा कोंडते. चढायला फांद्या हव्यात, अंगावर ऊन हवं, मादीला अंडी घालायला भुसभुशीत माती हवी. बांधावरच्या बाभळीपाशी हे सगळं फुकट! तो विषारी नाही, हे मात्र घरच्यांना सांगा. भीतीपोटी लोक त्याला उगाच मारतात. जखमी दिसला, तर वनविभागाला १९२६वर कळवा. नाहीतर लांबूनच फोटो काढा, खुश्शाल!